ज्याला सोनं सापडलं

कॅलिफोर्नियातल्या शाळांमधून चौथीच्या मुलांना सोन्याच्या शोधाचा इतिहास शिकवतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या नातवंडांच्या वाट्यालाही तो येतोच. मग एखाद्या शनिवारी मुलांना गाडीत घालून सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या कोलोमा नावाच्या गावी नेलं जातं. अमेरिकन नदीच्या दक्षिण शाखेकाठचं हे लहानसं गाव. मुलं थंडगार पाण्यात उतरतात, परातीसारख्या भांड्यात तळची वाळू घेतात आणि ते गोल गोल हलवत वरचं पाणी सांडू देतात. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, साधी वाळू जेमतेम अडीच-पावणेतीन पट. त्यामुळे हलकी वाळू वाहून जाते, तळाशी काळी वाळू उरते आणि नशीब असेल तर त्या काळ्यात एखादा पिवळा ठिपका चमकतो. आपल्याकडे सराफकट्ट्यातली झाडलोट आणि गटारातली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. विद्या तीच. झारेकऱ्याचं पोट त्यावर चालत असे, इथे ती सुटीची मौज आहे, एवढाच फरक.

पण या मौजेलाही नियम आहेत. कोलोमाचा हा परिसर आता राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. तिथे नदीच्या एका ठरावीक काठावरच वाळू धुता येते, आणि तीही फक्त हातांनी आणि परातीने. फावडं नको, पन्हळ नको, पंप तर मुळीच नको. मुलांना वाटतं, एवढ्याशा पिवळ्या ठिपक्यासाठी केवढी ही शिस्त! या शिस्तीचा उगम शोधायचा तर जवळच्याच टेकडीवर जावं लागतं. तिथे एका माणसाचा पुतळा उभा आहे. त्याचं एक बोट खाली नदीकडे रोखलेलं आहे. जेम्स विल्सन मार्शल हे त्याचं नाव. ज्या सोन्याने एक राज्य उभं केलं, ते सोनं प्रथम त्याच्या नजरेला पडलं. आणि त्याच पुतळ्याखाली तो निर्धन अवस्थेत पुरला गेला.

मार्शलचा जन्म ८ ऑक्टोबर १८१० चा, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या न्यू जर्सी राज्यातला. वडील सुतार, गाड्या आणि गाड्यांची चाकं बनवणारे. मुलगा वडिलांच्या हाताखाली तोच धंदा शिकला. हातात कसब चांगलं होतं, पण पायाला भिंगरी होती. ऐन विशीत त्याने घर सोडलं. इंडियाना, इलिनॉय असं करत तो मिसुरी नदीकाठी पोचला. तिथे शेती केली, आणि तिथेच हिवतापाने त्याला गाठलं. हा ताप पाठ सोडेना, तेव्हा डॉक्टरने हवापालट सुचवला. १८४४ मध्ये पश्चिमेकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या एका तांड्याबरोबर मार्शल निघाला. ओरेगॉनला पोचला, तिथून दक्षिणेला वळला आणि १८४५ च्या जुलैत कॅलिफोर्नियात जॉन सटरच्या गढीवर येऊन थडकला.

कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोचा प्रांत होता. सटर हा स्वित्झर्लंडहून कर्जबाजारी होऊन पळालेला, मोठमोठी स्वप्नं पाहणारा माणूस. मेक्सिकन सरकारकडून हजारो एकर जमीन मिळवून त्याने आपलं एक संस्थानच थाटलं होतं. शेतं, गुरं, कारखाने, पदरी स्थानिक आदिवासींची मोठी फौज. अशा ठिकाणी चांगला सुतार म्हणजे हवाच असतो. मार्शलला लगेच काम मिळालं. थोड्याच दिवसांत त्याने जमीन घेतली, गुरं घेतली. आता आयुष्याला स्थैर्य येणार, असं वाटू लागलं.

पण १८४६ मध्ये अमेरिका आणि मेक्सिकोचं युद्ध पेटलं. मार्शल अमेरिकनांच्या बाजूने स्वयंसेवक म्हणून लढायला गेला. १८४७ मध्ये परत आला तो रिकाम्या कुरणात. गुरं काही भरकटली होती, काही चोरीला गेली होती. गुरं गेली, पाठोपाठ जमीन गेली. सदतिसाव्या वर्षी मार्शलपाशी पुन्हा फक्त हातातली हत्यारं उरली.

सटरला इमारती लाकूड हवं होतं. डोंगरात लाकूड होतं आणि वाहतं पाणीही होतं. दोघांनी भागीदारी ठरवली. पैसा सटरचा, अंगमेहनत आणि अक्कल मार्शलची. गढीपासून सुमारे चाळीस-पंचेचाळीस मैलांवर, कोलोमाच्या खोऱ्यात, पाण्याच्या जोरावर चालणारी लाकूड कापायची गिरणी उभी करायची. हे खोरं निसेनान आदिवासींचं. बांधकामावर त्यांच्यातले मजूर होते आणि युद्धातून मोकळे झालेले काही मॉर्मन पंथाचे जवान होते.

गिरणी उभी राहिली, पण चाकाखालून पाणी पुढे काढणारा चर उथळ निघाला. पाणी तुंबू लागलं. तेव्हा मार्शलने युक्ती केली. दिवसा मजूर चर खणत, आणि रात्री बांध उघडून पाण्याचा लोट त्यात सोडला जाई, म्हणजे मोकळी झालेली माती-वाळू आपोआप धुऊन जाई. नकळत त्याने एक भलीमोठी परातच चालू केली होती. हलकं ते वाहून गेलं, जड ते तळाशी राहिलं. २४ जानेवारी १८४८ च्या सकाळी चराची पाहणी करताना त्याला पाण्याखाली काहीतरी चमकताना दिसलं. त्या संध्याकाळी हेन्री बिग्लर नावाच्या मॉर्मन मजुराने आपल्या रोजनिशीत या घटनेची नोंद केली. ती रोजनिशी टिकली, म्हणून तारीख टिकली.

चकाकतं ते सगळं सोनं नसतं, हे सुतारालाही ठाऊक होतं. मार्शलने तो कण दगडावर ठेवून ठोकला. तो फुटला नाही, पसरला. मजुरांचा स्वयंपाक करणाऱ्या जेनी विमर या बाईने एक तुकडा साबण शिजवायच्या क्षाराच्या कढईत उकळून पाहिला. तुकडा तसाच झळझळीत राहिला. चार दिवसांनी मार्शल पावसात घोडा दामटत सटरकडे गेला. दोघांनी दार लावून घेतलं, तेजाब टाकून पाहिलं, तराजूत तोलून पाहिलं, ज्ञानकोश उघडून माहिती ताडून पाहिली. सोनं अस्सल होतं.

बँकेत ज्यांनी सोनेतारण कर्जाचं काम केलं आहे, त्यांना ठाऊक असतं की, दागिना टेबलावर आला की प्रश्न दोनच असतात. कस किती? आणि दागिना कुणाचा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सराफ पाच मिनिटांत देतो. माझ्या नोकरीतल्या साऱ्या डोकेदुख्या दुसऱ्या प्रश्नातून उपजल्या. सटर आणि मार्शल यांनीही पहिला प्रश्न एका संध्याकाळीत सोडवला. दुसऱ्याने दोघांची आयुष्यं खाल्ली.

सोनं कुणाचं होतं? २४ जानेवारीला कॅलिफोर्निया कागदोपत्री मेक्सिकोचा होता. बरोबर नऊ दिवसांनी, २ फेब्रुवारीला, ग्वादालुपे हिदाल्गो इथे तह झाला आणि तो प्रदेश अमेरिकेकडे गेला. देणाऱ्याला आपण काय देतोय याचा पत्ता नव्हता, घेणाऱ्याला आपण काय घेतोय याचा नव्हता. कोलोमाचं खोरं सटरच्या सनदेतही बसत नव्हतं. ही अडचण सटरने ओळखली होती. त्याने तिथल्या आदिवासींकडून, थोडे कपडे आणि धान्य-पीठ यांच्या मोबदल्यात, खोरं भाडेपट्ट्याने लिहून घेतलं आणि मंजुरीसाठी माँटेरेला लष्करी गव्हर्नर कर्नल रिचर्ड मेसन याच्याकडे माणूस पाठवला. मेसनने नकार दिला. आदिवासींना जमीन विकण्याचा वा भाड्याने देण्याचा हक्क अमेरिका मानत नाही, हे त्याचं कारण. एका फटक्यात दोन माणसांचा पट्टा रद्द झाला आणि एका सबंध जमातीचा मालकीहक्कही. दुसऱ्याचं दुःख करणारं त्या कचेरीत कुणी नव्हतं.

मेसनने आणखी एक गोष्ट केली. १२ फेब्रुवारीला त्याने खाणीच्या हक्कांविषयीचे जुने मेक्सिकन कायदे रद्द ठरवले. अमेरिकेचा खाणकायदा तर अजून तिथे नव्हताच. म्हणजे जगातल्या एका सर्वांत श्रीमंत नदीकाठी जुना कायदा मेलेला आणि नवा जन्मलेला नाही, अशी अवस्था झाली.

गुपित राखायचं ठरलं होतं, पण सोन्याचं गुपित राहत नाही. गिरणीवरून आलेल्या गाडीवानाने गढीजवळच्या दुकानात सोन्याची भुकटी देऊन ब्रँडी घेतली. दुकान सॅम ब्रॅनन या हुशार व्यापाऱ्याचं. त्याने आधी कुदळी, फावडी, पराती यांचा साठा केला आणि मग मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावरून सोन्याची भुकटी भरलेली बाटली नाचवत तो ओरडत सुटला. ब्रॅननने नदीत हात न घालता संपत्ती जमवली. ५ डिसेंबर १८४८ ला अध्यक्ष पोक यांनी काँग्रेसपुढे बातमीला दुजोरा दिला आणि जग लोटलं. पुढच्या काही वर्षांत सुमारे तीन लाख माणसं कॅलिफोर्नियात आली. १८४८ च्या आरंभी हजारभर वस्तीचं असलेलं सॅन फ्रान्सिस्को दोन वर्षांत पंचवीस हजारांवर गेलं.

या लोंढ्यात कायदा कुणी करायचा? तो खोदणाऱ्यांनीच केला. प्रत्येक ओढ्याकाठी सभा भरे, हात वर करून नियम ठरत. एका माणसाने किती फूट जागा धरायची, खुणेची पाटी कशी लावायची, नोंद कुणी ठेवायची. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे, जो खोदत राहील त्याचीच जागा. अवजारं जागेवर ठेवली असतील तर धनी परतणार असं समजायचं. ठरलेल्या मुदतीत परतला नाही तर दुसऱ्याने बसायचं. या धरलेल्या जागेला क्लेम म्हणत. सरकार, पोलीस, न्यायालय नसताना माणसांनी स्वतःला घालून घेतलेली ही शिस्त खरोखर थक्क करणारी आहे.

पण सभेत हात वर करायचा हक्क कुणाला होता, हेही पाहिलं पाहिजे. १८५० मध्ये परदेशी खोदणाऱ्यांवर महिना वीस डॉलरचा कर बसला. मेक्सिको आणि चिलीहून आलेले, या कामात मुरलेले लोक त्याने हुसकले गेले. तो कर रद्द झाला, आणि १८५२ मध्ये महिना तीन डॉलरचा नवा आला, त्याचा भार मुख्यतः चिनी मजुरांवर पडला. आदिवासींना तर मोजलंच नाही. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे दीड लाख आदिवासी होते, असा अंदाज आहे. १८७० पर्यंत तीस हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तली यांनी हे झालं. कोलोमातही १८४९ मध्ये आदिवासींवर गोऱ्या खोदणाऱ्यांनी सूड उगवला. मार्शल आपल्याकडे काम केलेल्या मजुरांच्या बाजूने उभा राहिला, आणि त्यापायी त्यालाच गाव सोडावं लागलं.

मार्शलचं काय? त्याने आणि सटरने सुरुवातीला खोदणाऱ्यांकडून हिस्सा मागून पाहिला. थोड्या दिवसांत कुणी जुमानेना. गिरणीचे मजूर सोनं शोधायला पांगले, आणि काही काळातच गिरणी बंद पडली. ज्या जमिनीला मार्शल आपली म्हणे, तिच्यावर लोक खोदत होते, आणि खोदत राहील त्याची जागा हा नियम त्यांच्या बाजूने होता. पहिल्यांदा कुणी पाहिलं, याला त्या नियमात किंमत नव्हती. त्याहून मोठा जाच दुसराच होता. या माणसाला सोन्याचा वास येतो, अशी लोकांची समजूत झाली. तो कुदळ घेऊन निघाला की मागे माणसं लागत. सोनं कुठे आहे ते सांग म्हणून धमक्या देत. बिचाऱ्याला खरोखरच ठाऊक नसे. एकदा पाहिलेलं सोनं त्याला पुन्हा म्हणण्यासारखं कधी दिसलं नाही.

१८५७ मध्ये तो कोलोमाला परतला. पंधरा डॉलरला पंधरा एकर जमीन घेतली, द्राक्षं लावली, लाकडी झोपडी बांधली. ती अजून उभी आहे. काही वर्षं मळा चांगला चालला, वाइनही बरी होऊ लागली. त्याच्या आयुष्यात सोन्यासारखे दिवस आले असतील तर ते हे. पण पुढे कर वाढले, स्पर्धा वाढली, मळा तोट्यात गेला. पुन्हा कुदळ. जवळच्या केल्सी गावी एका खाणीत भागीदारी केली, तीत पैसा घालायला म्हणून १८७० च्या सुमारास गावोगाव व्याख्यानं देत निघाला आणि कॅन्सस सिटीत खिसा रिकामा होऊन अडकला. रेल्वेसम्राट लेलंड स्टॅनफर्ड यांनी भाडं दिलं तेव्हा कुठे तो आईला आणि बहिणीला भेटायला न्यू जर्सीला पोचला.

मग १८७२ साल आलं. मे महिन्याच्या १० तारखेला अध्यक्ष ग्रँट यांनी खाणकायद्यावर सही केली. ओढ्याकाठच्या सभांतून जन्मलेले नियम आता देशाचा कायदा झाले. सरकारी जमिनीवर मौल्यवान खनिज शोधावं, वीस एकरांपर्यंत क्लेम धरावा, दरवर्षी शंभर डॉलरचं काम करून तो जिवंत ठेवावा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मार्शलला महिना दोनशे डॉलरचं निवृत्तिवेतन मंजूर केलं. दोन वर्षांनी ते निम्म्यावर आलं आणि १८७८ मध्ये थांबलं. तोवर तो दारूच्या आहारी गेला होता, आणि त्याची चर्चा सभागृहापर्यंत पोचली होती. कायदा टिकला, अनुदान आटलं. शेवटची वर्षं मार्शलने केल्सीत लोहारकाम करत आणि आपल्या सहीची कार्डं विकत काढली. लग्न केलेलं नव्हतं. १० ऑगस्ट १८८५ ला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तो वारला. सटर त्याआधी पाच वर्षं, सरकारकडे भरपाईची दाद मागता मागता, वॉशिंग्टनमध्ये संपला होता. मार्शलला कोलोमाच्या टेकडीवर पुरलं आणि १८९० मध्ये त्यावर पुतळा उभा राहिला. जिवंतपणी शंभर डॉलर जड झालेल्या राज्याचं ते पहिलं ऐतिहासिक स्मारक.

मार्शलच्या डोळ्यांदेखतच परातीची जागा यंत्रांनी घेतली होती. १८५३ पासून पाण्याच्या तोफा डागून अख्खे डोंगर खाली आणले जाऊ लागले. सोनं धरून ठेवायला त्यात पारा वापरत. दगडमातीने नद्यांची पात्रं भरून आली, पूर शेतांत घुसले. शेतकरी न्यायालयात गेले आणि जानेवारी १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी हा गाळ नदीत सोडण्याला मनाई केली. पारा मात्र अजून नदीच्या तळाशी आहे. पुढे हौशी मंडळी मोटारीच्या पंपाने तळाचा गाळ उपसू लागली, तेव्हा तो पारा आणि माशांची अंडी दोन्हींना धक्का लागतो, म्हणून २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने ते पंप थांबवले. १८७२ च्या कायद्याने आम्हाला हक्क दिला आहे, असं म्हणत हा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१६ मध्ये न्यायालयाने राज्याची बाजू मान्य केली.

म्हणून आज त्या डोंगरांत हौसेने सोनं शोधणाऱ्याला आधी कागद पाहावे लागतात. राष्ट्रीय वनांत आणि इतर सरकारी जमिनीवर, जिथे मनाई नाही तिथे, साध्या परातीने वाळू धुवायला सहसा परवाना लागत नाही. पण ती जागा दुसऱ्याच्या क्लेममध्ये नाही ना, याची खात्री स्वतः करायची. राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक ठिकाणी बंदीच. राखीव अरण्यांत १९८४ पासून नवे क्लेम घेता येत नाहीत. यंत्र आणायचं, जमीन मोठी उकरायची, तर आधी वनखात्याला कळवायचं. जुन्या वस्तीचे, आदिवासींचे अवशेष सापडले तर हात लावायचा नाही.

एवढी शिस्त १८४८ मध्ये असती तर मार्शल श्रीमंत झाला असता का? बहुधा नाही. ती जमीन त्याची नव्हतीच. पण निदान निसेनान लोकांना कुणीतरी विचारलं असतं, नद्या गाळाने भरल्या नसत्या, आणि एका सुताराला वासावरून सोनं शोध म्हणून कुणी दटावलं नसतं. नियम नसले की सगळ्यांना सारखी संधी मिळते, असं म्हणणारे लोक आजही भेटतात. कोलोमाला तशी संधी काही महिने होती. ती कुणाला मिळाली, हे आपण पाहिलं.

त्या पहिल्या सकाळचा समजला जाणारा कण १८४८ मध्येच वॉशिंग्टनला रवाना झाला. आता तो स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. चपटा, ठोकलेला, वजनाने ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. आपल्याकडच्या मंगळसूत्रातला एक मणीसुद्धा त्यात होणार नाही. नातवंडांबरोबर कधी कोलोमाला जाणं झालं, तर परातीतला ठिपका त्यांना अवश्य शोधू द्यावा. सापडला तर त्याचा कस काय, हे ती विचारतीलच. तो कुणाचा, हा प्रश्न मात्र आजी-आजोबांनी विचारायचा.